थंडीत गाडीला वॅक्स मारल्यानं रंग खरंच टिकतो का? गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॅक्टर, पिकअप, मोटरसायकलवाल्यांसाठी कामाची माहिती

धाराशिव : खंडेनवमीला जिल्ह्यातल्या गावागावांत गाड्या धुऊन निघतात. ट्रॅक्टर, पिकअप, मोटरसायकल, कुणाची जुनी जीप, सगळ्यांना पाणी, मग हळद-कुंकू आणि झेंडूचा हार. त्यानंतर थोड्याच दिवसांत साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. कालपरवा चकाचक धुतलेली तीच गाडी पुढचे चार-पाच महिने राख, फुफाटा, दव आणि उसाच्या चिकट रसात फिरते. होळीपर्यंत लाल बोनेट फिकट पडलेलं असतं आणि मडगार्डच्या कडेला तांबूस फोड दिसायला लागलेले असतात.

अशा वेळी मोबाईलवर व्हिडिओ दिसतो. कुणीतरी गाडीवर वॅक्स चोळतो, वरून पाणी मारतो, पाण्याचे मोती घरंगळतात आणि सांगणारा म्हणतो, आता हिवाळाभर रंगाला धक्का लागणार नाही. पण त्यातले बरेच व्हिडिओ बर्फाच्या देशातले असतात. आपल्याकडं बर्फही नाही आणि तसा हिवाळाही नाही. मग वॅक्सचा आपल्याला उपयोग आहे का, किती आहे, आणि ट्रॅक्टरला ते लावणं परवडतं का?

वॅक्स म्हणजे शेवटी मेणच

वॅक्स म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, मेण. बाटलीवर 'कार्नोबा' लिहिलेलं असतं ते ब्राझीलच्या ईशान्य भागात होणाऱ्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. कडक ऊन आणि कोरड्या वाऱ्यात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर स्वतःच हा थर धरतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, कार्नोबा मात्र ८० अंशाच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. म्हणून गाडीसाठी त्याला मान. मात्र बाटलीत निव्वळ कार्नोबा कधीच नसतं. ते दगडासारखं कडक असतं, म्हणून हातानं पसरता यावं यासाठी त्यात तेल, पातळ करणारं द्रावण आणि दुसरी मेणं मिसळलेली असतात.

आता रंगाचा थर किती जाड असतो ते बघू. कारखान्यातून आलेल्या कारच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन होतात. १ मिलिमीटरचे १००० मायक्रॉन. म्हणजे सगळा रंग मिळून माणसाच्या दोन केसांइतकासुद्धा जाड नाही. त्याच्यावर वॅक्स बसतं ते एका मायक्रॉनच्याही आतलं. एवढ्या पातळ थराकडून किती अपेक्षा ठेवायची, ते इथंच लक्षात यावं. वॅक्स म्हणजे चिलखत नाही. ते अंगाला लावलेल्या तेलासारखं आहे. थोडे दिवस राखतं, मग परत लावावं लागतं.

बर्फाच्या देशातलं दुखणं वेगळं

युरोप-अमेरिकेत हिवाळ्याआधी वॅक्स लावायची घाई असते त्याचं कारण थंडी नाही, मीठ आहे. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिकडं रस्त्यावर मीठ टाकतात. मिठामुळं पाणी शून्य अंशालाही गोठत नाही. पण तेच खारट पाणी चाकानं उडून गाडीला लागतं. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरेशी असते. त्यात मीठ पडलं की तेच काम कितीतरी जोरात चालतं.

तिथंसुद्धा वॅक्स वरच्या रंगापुरतंच उपयोगी पडतं. खारट चिखल रंगाला घट्ट चिकटत नाही, धुतला की निघतो. पण गाडी सडते ती खालून, जोडाच्या आतून आणि खडी लागून रंग उडालेल्या जागेतून. तिथं वॅक्सचा फडका पोचतच नाही.

आपल्याकडं मीठ नाही, पण खत आहे

धाराशिव जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशाच्या आसपास उतरतो आणि दुपारी चांगलं ऊन पडतं. नुसत्या या थंडीनं रंगाला काही होत नाही. बिघडतं ते थंडीच्या दिवसांत सोबत येणाऱ्या गोष्टींमुळं.

पहिली गोष्ट दव. उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरचा पत्रा रात्री हवेपेक्षा जास्त गार होतो आणि पहाटे त्यावर दव धरतं. तांबडं फुटायच्या वेळी बोनेटवर हात फिरवला तर ओला होतो. पाऊस नसतानाही पत्रा रोज दोन-चार तास ओला राहतो आणि त्यावर आदल्या दिवशीची धूळ बसलेली असतेच.

दुसरी गोष्ट राख. तोडीनंतर पाचट पेटवतात, कुठं उभा ऊसच पेटवून तोडतात, कारखान्याच्या धुराड्यातूनही काजळी उडते. राखेनं भांडी का घासतात हे घरातल्या बायांना विचारा. राख खरबरीत असते, शिवाय तिच्यात क्षार असतो, म्हणून तेलकटपणा कापते. तीच राख दवात भिजून रात्रभर रंगावर बसली तर तोच क्षार रंगावर काम करतो. आणि सकाळी कोरड्या फडक्यानं ती झटकली तर बोनेट राखेनं घासल्यासारखंच होतं. बोनेटच्या धुळीत बोटानं नाव काढणारी पोरंसुद्धा हेच करत असतात. नाव पुसलं तरी ओरखडा राहतो.

तिसरी गोष्ट खत. पोटॅश म्हणून जे खत येतं ते रसायनशास्त्राच्या हिशेबानं मिठाचंच भावंड, पोटॅशियम क्लोराईड. रब्बीच्या पेरणीत ज्वारी-हरभऱ्यासोबत खत पेरलं जातं, ट्रॉलीत पोती फुटतात, पेरणी यंत्राच्या पेटीत खताचा चुरा राहतो. हा चुरा हवेतला ओलावा ओढून घेतो आणि त्यात दवाची भर पडते. परदेशातलं रस्त्यावरचं मीठ आपल्याकडं असं पोत्यातून येतं.

चौथी गोष्ट द्राक्षवाल्यांसाठी. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत बोर्डो फवारतात. मोरचूद लोखंडी टाकीत कालवत नाहीत हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असतं. शाळेत विज्ञानाच्या तासाला लोखंडी खिळा मोरचुदाच्या पाण्यात टाकून दाखवतात. खिळ्यावर तांबं चढतं आणि लोखंड विरघळत जातं. फवाऱ्याचा तुषार ट्रॅक्टरच्या उघड्या पत्र्यावर बसला की तेच होतं, फक्त सावकाश.

पाचवी गोष्ट बोअरचं पाणी. पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच गाडी उन्हात धुतल्यावर थेंबाथेंबाच्या जागी उरतो. आज पुसला तर निघतो. महिनोन्‌महिने तसाच राहिला तर रंगात उतरल्यासारखा डाग पडतो.

वॅक्स यातलं काय थोपवतं?

वॅक्स लावलेल्या पत्र्यावर पाणी अळवावरच्या पाण्यासारखं उभं राहतं आणि ओघळून जातं. त्यामुळं दव आणि चिखल रंगाला कमी वेळ चिकटतात. राख, काजळी, उसाचा रस आणि खताची भुकटी नुसत्या पाण्यानं बऱ्यापैकी निघते, घासावं कमी लागतं. रंग घासण्यानंच जास्त खराब होतो, त्यामुळं वॅक्सचा सगळ्यात मोठा फायदा हाच धरायचा. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात रंगाला लवकर चट्टा पाडते. वॅक्स असलं तर पुसायला थोडी सवड मिळते. मात्र सवड म्हणजे त्याच दिवशी, आठवड्यानं नाही.

आता काय थोपवत नाही तेही ऐका. उमरगा-नळदुर्ग बाजूला हैदराबाद महामार्गावर पुढच्या टिप्परच्या चाकाखालून उडालेली खडी वॅक्स अडवत नाही. काटेरी बाभळीचा ओरखडा अडवत नाही. धरलेला गंज थांबवत नाही, उलट तो चकाकीखाली झाकला जातो आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. आणि उन्हानं रंग फिकट पडणं तर फारच थोडं अडवतं. नव्या कारच्या पारदर्शक थरात ऊन सोसणारी द्रव्यं घातलेली असतात, खरी राखण ती करतात. जुन्या ट्रॅक्टरवर बऱ्याचदा असा थर नसतोच, नुसता रंग असतो. पांढरं फडकं पॉलिश लावून बोनेटवर घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर समजा की वर पारदर्शक थर नाही. अशा गाडीला सावलीइतकं दुसरं कशानं राखता येत नाही.

किती दिवस टिकतं?

बाजारात मोटामोटी तीन प्रकार मिळतात.

नैसर्गिक मेणाचं वॅक्स, म्हणजे कार्नोबा आणि त्याची भावंडं. चमक छान येते, पण एक ते दोन महिने टिकलं तरी खूप.

कृत्रिम वॅक्स किंवा सीलंट. हे प्रयोगशाळेत बनवलेल्या पॉलिमरचं असतं. रंगाला जास्त घट्ट धरतं, तीन ते सहा महिने टिकू शकतं. हिवाळाभर टिकावं असं वाटत असेल तर हे बरं.

सिरॅमिक कोटिंग. हे मेण नाही, सिलिकाच्या जातीचा कडक थर आहे. कंपन्या वर्षांचा हिशेब सांगतात आणि पैसेही तसेच घेतात. आधी रंग नीट साफ आणि गुळगुळीत करावा लागतो, बंद जागेत काम करावं लागतं. नव्या कारला कुणी केलं तर ठीक. फडातून ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला हा खर्च कशाला?

हे दिवस व्यवस्थित वापरलेल्या कारचे आहेत. रोज फुफाट्यात जाणाऱ्या आणि दर आठ दिवसांनी जोरदार पंपानं धुतल्या जाणाऱ्या गाडीवर ते निम्म्यावर आले तर नवल नाही. वॅक्स संपलं का हे बघायला मेकॅनिक लागत नाही. तांब्याभर पाणी टाका. थेंब गोल उभे राहिले तर वॅक्स आहे. पाणी सपाट पसरून तसंच बसलं तर संपलं.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडं वॅक्सची खरी परीक्षा थंडीत नाही, उन्हाळ्यात होते. मे महिन्यात पारा ४० च्या पुढं जातो तेव्हा उन्हातला पत्रा हात लावू देत नाही. अशा तापात तेल मिसळलेलं मेण मऊ पडतं आणि लवकर झिजतं. त्या मानानं थंडीचे दिवस वॅक्सला मानवतात. म्हणजे हिवाळ्यात लावलेलं वॅक्स जास्त टिकतं आणि राख-धुळीचा हंगामही तेव्हाच असतो. दोन्ही गोष्टी जुळून येतात.

पॉलिश, कंपाउंड आणि वॅक्स यात गल्लत नको

आपल्याकडं चमकवण्याच्या सगळ्याच गोष्टींना पॉलिश म्हणायची पद्धत आहे. त्यातून नुकसान होतं. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश रंगाचा वरचा थर खरवडून काढतात, म्हणून खालचा ताजा रंग चमकतो. वॅक्स काही काढत नाही, वरून थर चढवतं. जुन्या फिकट बोनेटला एकदा हलकं पॉलिश करून मग वॅक्स लावणं बरोबर आहे. पण दर दसऱ्याला कंपाउंड मारत राहिलं तर काही वर्षांत कडांना प्रायमर दिसायला लागतो. दोन केसांच्या जाडीतून दरवर्षी किती खरवडणार?

सर्व्हिसिंगवर गाडी धुतल्यावर वरून डिझेलचा फवारा मारायचीही सवय आहे. तासभर गाडी नवी दिसते. पण डिझेल असलेलं वॅक्स धुऊन काढतं, तेलकट अंगावर धूळ दुप्पट बसते आणि रबरी पाईप, बुशिंग, वायरचं आवरण यांना ते चांगलं नाही. धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर किंवा भांड्याचा साबण यांनीही वॅक्स उतरतं. गाडीचा शाम्पू नसेल तर नुसतं भरपूर पाणी बरं.

लावायचं कसं?

गाडी सावलीत घ्या. पत्रा गार असू द्या. आधी नुसतं पाणी सोडून माती, राख वाहून जाऊ द्या, मग मऊ फडक्यानं धुवा. फडकं बादलीत वरचेवर खळखळून घ्या, नाहीतर बादलीतली वाळूच परत बोनेटवर फिरते. जुन्या पोत्याचा तुकडा वापरू नका. धुतल्यावर कोरडी पुसा, पाणी आपोआप वाळू देऊ नका.

वॅक्स थोडंच घ्या. जाड थर दिला म्हणून जास्त दिवस टिकत नाही, उलट पुसताना हात भरून येतात. एका वेळी बोनेटचा अर्धाच भाग घ्या, पातळ पसरा, बाटलीवर सांगितलेला वेळ थांबा, धूसर झालं की दुसऱ्या मऊ कोरड्या फडक्यानं पुसून काढा. पहिल्यांदा विकत घेतलं असेल तर बोनेटच्या एकाच बाजूला लावून महिनाभर बघा. फरक डोळ्यांना दिसेल, कुणाच्या जाहिरातीवर विसंबायची गरज नाही.

कुठं लावायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे. ब्रेकच्या डिस्कवर अजिबात नाही. मोटरसायकलच्या सीटवर, टायरवर, फूटरेस्टवर आणि ट्रॅक्टरच्या पायऱ्या-पेडलवर नाही, पाय घसरतो. समोरच्या काचेवर नाही, रात्री समोरच्या दिव्यानं काच धूसर दिसते. बिनचमकीच्या, म्हणजे मॅट रंगाच्या मोटरसायकलवर नाही, डाग दिसतात. आणि गाडी नुकतीच रंगवून आणली असेल तर साधारण महिनाभर थांबा, रंगातलं द्रावण बाहेर पडू द्या.

ऊस वाहणाऱ्यांनी एक काम वॅक्सच्याही आधी करावं. ट्रॉलीच्या मागचं रेडियम, रिफ्लेक्टर आणि दिवे रोज ओल्या फडक्यानं पुसावेत. राखेनं झाकलेलं रेडियम नसल्यासारखंच असतं. पहाटेच्या धुक्यात रस्त्याकडेला उभी डबल ट्रॉली मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला दिसली पाहिजे. रंग गेला तर परत देता येतो.

गंज धरलाच असेल तर

गंजावर वॅक्स लावून उपयोग नाही. फोड आलेली जागा पॉलिश पेपरनं पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायची, कोरडी करायची, रेड ऑक्साईडचा हात द्यायचा, तो वाळला की रंग. नखाएवढ्या जागेला अर्धा तास लागतो. तीच जागा दोन पावसाळे तशीच सोडली तर पत्रा आरपार जातो आणि वेल्डिंगवाल्याकडं जावं लागतं.

ट्रॉलीला वॅक्स लावायच्या भानगडीत पडू नये. तिचा रंग ऊस, दगड, शेणखत यांनी रोज ओरबाडला जातो. तिला वर्षातून एकदा रेड ऑक्साईड आणि ऑइलपेंट हेच खरं. शेणखत किंवा रासायनिक खत वाहिल्यावर मात्र त्याच दिवशी झाडून, धुऊन, फाळका उघडा ठेवून वाळवावी. कोपऱ्यातला ओला चिखल काढावा. काळी माती पाणी धरून ठेवते, पिकाला ते चांगलं, पत्र्याला नाही. पेरणी यंत्राची खतपेटी रिकामी करून, धुऊन, वाळवून तेलाचा हात फिरवावा. नांगराच्या फाळालाही तेच.

ताडपत्रीबद्दलही सांगायला हवं. ओल्या ट्रॅक्टरवर प्लॅस्टिक टाकून बांधलं तर आतला ओलावा आतच कोंडतो. धुळीच्या गाडीवर कापड टाकलं तर वाऱ्यानं ते घासत राहतं. गाडी स्वच्छ आणि कोरडी असेल तरच झाका. नाहीतर पत्र्याच्या शेडची उघडी सावली कितीतरी चांगली. चिंचेखाली किंवा लिंबाखाली उभी करणाऱ्यांनी वर पाखरं बसतात हे विसरू नये. बोनेटवर कोंबड्या बसत असतील तर त्यांचंही काहीतरी बघावं.

परवडतं का?

बऱ्यापैकी वॅक्सची बाटली दोन-पाचशे रुपयांत मिळते आणि ट्रॅक्टरचं बोनेट, मडगार्ड यांना कितीतरी वेळा पुरते. बॉडीचं काम आणि रंग करायचा म्हटलं तर खर्च हजारांत जातो. शिवाय पाऊस दगा देतो त्या वर्षी ट्रॅक्टर विकायची वेळ कुणावरही येते. जुन्या वाहनांच्या बाजारात घेणारा आधी बोनेट बघतो, मग वाकून मडगार्डच्या खाली बघतो आणि तिथूनच भाव पाडायला सुरुवात करतो. इंजिन कितीही चांगलं असलं तरी गंज दिसला की त्याचं बोलणं चढं होतं. १५ वर्षांनी नोंदणी पुढं वाढवायला एमएच २५ च्या कार्यालयात गाडी दाखवावी लागते, तेव्हाही सडलेला पत्रा लपत नाही.

ज्यांना वर्षाचा हिशेब सोपा हवा त्यांनी असं करावं :

दसऱ्याला गाडी धुतली की पूजेनंतर हळद-कुंकू आणि नारळाचं पाणी पुसून काढा आणि वॅक्सचा पहिला हात द्या. हार तारेचा असेल तर रंगाला लागणार नाही असा बांधा.

गळीत हंगामात आठवड्यातून एकदा नुसत्या पाण्यानं राख-चिखल काढा, कोरडी पुसा. संक्रांतीच्या सुमाराला पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब पसरला तर दुसरा हात.

खत, बोर्डो किंवा शेणखताचं काम झालं की त्याच संध्याकाळी धुवा. यात चालढकल नको. वॅक्स लावलं नाही तरी चालेल, पण हे चुकवू नका.

पाडव्याच्या आसपास उन्हाळ्याआधी आणखी एक हात द्या आणि जमेल तेवढी गाडी सावलीत ठेवा.

मृगाआधी सगळीकडं वाकून बघा, जिथं फोड दिसेल तिथं पेपर, रेड ऑक्साईड आणि रंग.

एवढ्यात वॅक्सचा वाटा लहान आहे. मोठा वाटा पाणी, मऊ फडकं आणि सावलीचा. ज्याच्याकडं वॅक्सला पैसे नाहीत त्यानंही बाकीचं केलं तर रंग टिकतो. ज्यानं नुसतं वॅक्स लावलं आणि खताची ट्रॉली आठ दिवस तशीच ठेवली, त्याचा पत्रा वाचत नाही.